टेपवरचे बेचाळीस

आमच्या घरात मूल वाढलं की नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून कुणी ठरवत नसे, लंग्याच्या, म्हणजे परकराच्या, खालच्या काठाकडे बघून ठरवत. घर शिंप्याचं. बेंगळुरात चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत पुढं दुकान आणि मागं आम्ही. फार पूर्वी मराठी फौजेबरोबर आमचे कुणी इकडं आले, फौज परत गेली आणि हे अंगरखे शिवत मागं राहिले, असं अण्णा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाइकांना सांगत. खरंखोटं बघायला कोण गेलंय. दर उगादीच्या पाडव्याआधी अण्णा आम्हा तिघांची मापं घेत. थोरली अक्का, मधली मी आणि धाकटा रघू. कापायच्या मेजाला पाठ लावून उभं राहायचं, टेपेचं पितळी टोक टाचेखाली धरायचं, आणि अण्णा डोक्यावर लाकडी पट्टी आडवी ठेवून आकडा मोठ्यानं वाचत. मग मापांच्या वहीत, गिऱ्हाइकांची पानं संपली की शेवटी आमचं पान असे, तिथं तो लिहीत. नवा लंगा शिवताना खाली चार बोटं कापड दुमडून दाबात ठेवत. वर्षात मूल वाढलं की दाब उसवायचा आणि लंगा खाली सोडायचा. जुन्या दुमडीची एक रेघ कापडावर कायमची राही. आमच्या शाळेतल्या शिंप्यांच्या पोरींत ज्या पोरीच्या लंग्यावर दोन रेघा, तिचा तोरा काही विचारू नका.

अक्काच्या लंग्यावर दोन रेघा असत. रघूच्या चड्डीवरसुद्धा एक असे, आणि चड्डी ती केवढी! माझा लंगा मात्र उगादीला नवा झाला की पुढच्या उगादीपर्यंत जसाच्या तसा. बाहेरचं कापड विटून जाई आणि दाबातलं कापड आत नवंकोरं राही. मी अकरा वर्षांची होते आणि नऊ वर्षांचा रघू माझ्याहून चार बोटं उंच होता. गल्लीत मला सगळे गिड्डी म्हणत. मला त्याचा फार राग येई असं नाही, कारण गिड्डीचे फायदे मला चांगले ठाऊक होते. घोड्याच्या जटक्यात मला मांडीवर बसवत, गर्दीत मी लोकांच्या कोपरांखालून पुढं जाई, आणि काही फुटलं-सांडलं तर ‘तिचा हात कुठला पोचतोय तिथं’ म्हणून मार रघूला पडे. हात पोचायला मी पाट वापरत असे, हे मी आज प्रथमच जाहीर करते आहे. रघू आता आजोबा झाला आहे, त्यानं मला क्षमा करावी.

पण एका गोष्टीत उंचीवाचून माझं अडत होतं, ती म्हणजे मशीन. आमच्याकडं रिवाज असा की खुर्चीला पाठ टेकून बसल्यावर ज्या मुलाचे पाय मशीनच्या पायट्यावर सपाट टेकतील, त्याला त्या वर्षीच्या आयुधपूजेला मशीनवर बसवायचं. मशीनला झेंडूचा हार, मुलाच्या बोटात पितळी अंगुस्तान, आणि पहिली टीप अण्णा हात धरून घालून घेत. अक्का नवव्या वर्षी बसली. आता यंदा रघू बसणार हे दिसतच होतं. हाताची शिलाई मला रघूच काय, अक्काहून चांगली येत होती. पण माझे पाय खुर्चीवरून लोंबत, आणि त्या पायांकडे बघून आई आत निघून जाई. ते मला गिड्डी म्हणण्यापेक्षा जास्त लागे.

उपाय चालू होते. अण्णांची बहीण सोनाआत्या आमच्याकडेच राहत असे आणि जगातली प्रत्येक व्याधी हुरळीच्या, म्हणजे कुळथाच्या कढणानं जाते असं तिचं ठाम मत होतं. रोज सकाळी मला वाटीभर कढण, आणि मग मागच्या पडवीच्या तुळईला धरून लोंबकळायचं. आत्या कानडीत आकडे मोजी. रघूला माझे पाय धरून खाली ओढायचं काम दिलं होतं आणि इतक्या मनापासून काम करताना मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही.

“लोंबकळ की गे स्वल्प! त्या वटवाघळाला बघ, कसं लोंबकळतंय दिवसभर.”

“वटवाघूळ कुठं वाढतंय, आत्या?”

“तोंड तेवढं वाढलंय हिचं,” आत्या म्हणे आणि आकडे पहिल्यापासून मोजायला घेई.

लबाडीची सुरुवात मी रेघेपासून केली. एकदा लंग्याचा घेर मीच दुमडला, भाताच्या पेजेत बुडवला आणि कोळशाच्या इस्त्रीनं दाबून अशी झकास रेघ काढली की काही विचारू नका. पण उत्साहाच्या भरात ती चुकून गुडघ्याच्या वर निघाली. अक्का म्हणाली, “एवढी वाढलीस तर गेल्या साली तू पोटातच होतीस म्हणायची.” तेव्हा मला उमगलं की लंग्यात काही अर्थ नाही, मूळ आकडाच गाठला पाहिजे. आणि आकडा टेपेवर होता.

उगादीला आठ दिवस होते. अण्णा न्हाणीत गेले होते आणि टेप खुंटीवर होती. मी पाट घेतला. टेप पिवळ्या मेणकापडाची, गेली कित्येक वर्षं अण्णांच्या गळ्यातली. मी एकेचाळीसच्या रेघेवर आणि त्रेचाळीसच्या रेघेजवळ कात्री चालवली, मधलं बेचाळीस काढून घेतलं आणि कडेवर कड चढवून शिवून टाकली. सुईत लाल दोरा ओवलेला होता, बदलायला वेळ नव्हता, तोच वापरला. सहा जाडजाड टाके आणि मोहरीएवढी गाठ. टेप खुंटीवर गेली. बेचाळीसचा तुकडा मी बाहुलीच्या डब्यात लपवला. तो अजून माझ्याजवळ आहे. माझी नातसून मला विचारते की एवढासा चिंधीचा तुकडा कशाला ठेवलाय. तिला हे प्रकरण वाचायला देणार आहे.

त्यानंतर मी भीतीनं त्या टेपेकडे मान वर करून बघितलं नाही. उगादीच्या आदल्या दिवशी मेजाला पाठ लावून उभी राहिले. अण्णांनी पट्टी ठेवली. “साडेशेहेचाळीस!” आवाज असा की पुढच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. गेल्या सालचं चव्वेचाळीस होतं. आई स्वयंपाकघरातून नाचणीचे मुद्दे घोटायचं लाकूड हातात घेऊनच बाहेर आली. आत्यानं माझ्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली आणि सगळं श्रेय हुरळीला दिलं. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नव्हती. टेप सगळ्यांची एकच! अक्का आणि रघू दोघंही फुकटात दोन-दोन इंच वाढले. आत्या गल्लीभर सांगत सुटली की आमचं घरच्या घर वाढतंय.

दुकानात काय गोंधळ होतो म्हणून मी धास्तावले होते, पण गोंधळ झालाच नाही. लांब पाटलोणीचं माप त्या टेपेनं घ्यायचं आणि त्याच टेपेनं कापायचं, त्यामुळं चूक आपोआप फिटून जाई. बाकीची गिऱ्हाइकं बेचाळीसच्या अलीकडंच संपत. राहता राहिला कोपऱ्यावरचा हलवाई, ज्याचं पोट टेपेच्या पलीकडच्या टोकाला राही. पोटाच्या घेराचा आकडा चौथाई करून कापायचा, तिथं चूक फिटेना, आणि त्याचा नवा कोट दोन बोटं सैल झाला. तो कोट घालून आरशापुढं पुढूनमागून वळला आणि म्हणाला, “बारीक झालो की ओ मी!” आणि दुसऱ्या दिवशी पाव शेर मैसूरपाक घरी आला. मला त्यातले दोन तुकडे मिळाले. ते घशाखाली उतरताना मला थोडी लाज वाटली, पण उतरले.

पुढं उन्हाळ्यात रावडॉक्टर कोटाच्या ट्रायलला आले. बसवनगुडीत त्यांचा दवाखाना होता. उंच, किडकिडीत, सावकाश बोलणारा माणूस. त्यांचं बोलणं सगळं कानडीत, मी इथं मराठीत लिहिते आहे. कोटाच्या बाहीला टाचण्या लावायला मी मेजावर चढून बसले होते.

“हिचं वय काय?” त्यांनी अण्णांना विचारलं.

“अकरा सरलीत.”

डॉक्टरांनी बाही तशीच अर्धी सोडली आणि माझ्याकडे बघत राहिले. माझे दात बघितले, तळहात बघितले, डोकं दुखतं का, नीट दिसतं का विचारलं. मग अण्णांना खुर्चीवर बसवून त्यांनी जे सांगितलं ते मी एक अक्षर न सोडता ऐकलं. डोक्याच्या आत अगदी मध्ये, नाकाच्या वरच्या अंगाला मटाराएवढी एक ग्रंथी असते. तिच्यातून निरनिराळे रस रक्तात उतरतात. त्यातला एक हाडांच्या टोकांना वाढायला लावतो. मांस भरवतो, चरबी वितळवतो, साखरेचा हिशेब बघतो, पण मुलांच्या बाबतीत त्याचं मोठं काम वाढीचं. काही मुलांच्यात तो रस पुरेसा येतच नाही. मूल शहाणं असतं, नीटस असतं, फक्त वाढत नाही. हाडांची टोकं पुढं घट्ट झाली की मग काही उपयोग नाही.

“मग ह्याला औषध?” अण्णांनी विचारलं.

“तोच रस सुईनं द्यायचा. पण गाईचा, डुकराचा चालत नाही. मधुमेहाला चालतो तसा इथं चालत नाही. माणसालाच माणसाचा लागतो. परदेशात मेलेल्या माणसांच्या डोक्यातून ती ग्रंथी काढून ठेवतात आणि त्यातून औषध काढतात. एका मुलाला वर्षभर पुरवायला कित्येक माणसं लागतात.” तिकडच्या एका इस्पितळात त्यांचा जुना मित्र होता. त्याला पत्र लिहून बघतो म्हणाले. “मात्र तो पहिला प्रश्न विचारणार, पोर वर्षाला किती वाढते? तुमच्यासारखं मापांचं पान कुठल्या आईबापांकडं असणार! ते घेऊन या.”

आत्यानं हे ऐकून कपाळाला हात लावला. “कुणाच्या डोक्यातला असेल कोण जाणे! काय काय खाल्लेलं माणूस असेल!” मला मात्र पहिल्या दिवशी भारी मजा वाटली. मेलेल्या दोऱ्यांचा, म्हणजे गोऱ्या साहेबांचा रस माझ्या अंगात जाणार. मी रघूला सांगितलं की मी उंच तर होईनच, शिवाय घडाघडा इंग्रजी बोलेन, आणि रात्री तुझ्या अंथरुणाशी येऊन ‘गुड इव्हनिंग’ म्हणेन. तो आठ दिवस आईजवळ झोपला. पण दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मापांच्या पानावर माझं साडेशेहेचाळीस होतं. वर्षाला अडीच इंच वाढणाऱ्या पोरीला कोण औषध देणार? मी माझ्याच हातानं माझं औषध कापून बाहुलीच्या डब्यात ठेवलं होतं. सांगावं तर मार, शिवाय आईचं ते दारात मुद्द्याचं लाकूड घेऊन हसणं खोटं पडणार. न सांगावं तर जन्मभर पाय लोंबत. तीन दिवस मला हितकिद बेळ्याचं, म्हणजे सोललेल्या पावट्याचं, सारसुद्धा गोड लागलं नाही, आणि ते मला आजारपणातही गोड लागत असे.

अण्णा मला घेऊन दवाखान्यात गेले. वही बगलेत, टेप गळ्यात. ती टेप गळ्यात नसली तर अण्णांना चप्पल विसरल्यासारखं होई. डॉक्टरांनी चष्मा लावून शेवटचं पान उघडलं आणि बोटानं आकडे वाचत खाली आले. साडेबेचाळीस, सव्वात्रेचाळीस, चव्वेचाळीस, आणि मग साडेशेहेचाळीस. त्यांचा चेहरा उजळला.

“अरे, गेल्या सालात अडीच इंच! मग काळजी मिटली. ही आपली आपण वाढायला लागलीय. ज्यांची ग्रंथी काम करत नाही ती पोरं अशी वाढत नाहीत. पत्राची काही जरूर नाही.” आणि त्यांनी पेनाचं टोपण बसवलं.

मी अण्णांकडे बघितलं. ते गळ्यातल्या टेपेचं पितळी टोक बोटांत फिरवत होते आणि त्यांनी खाकरल्यासारखं केलं. ते काही बोलणार होते का? मी पुढं आयुष्यभर त्यावर विचार केला आहे. पण त्यांच्या आधी मीच बोलले.

“ती टेप खोटी आहे.”

“म्हणजे?”

“मी कापली. बेचाळीस काढून टाकलंय.”

डॉक्टरांना आधी हसू आलं. मग त्यांनी अण्णांकडून टेप घेतली, टेबलावर लोखंडी पट्टीशेजारी पसरली आणि बोट फिरवत आले. एकेचाळीस, त्रेचाळीस. त्यांनी मला भिंतीशी उभं करून स्वतः मोजलं. साडेचव्वेचाळीस. ते पुन्हा टेपेकडे वळले, ती खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

“सांधा कुठंय? मला तर सापडत नाही. पोरी, टाका मोठा सुरेख आहे तुझा!”

मी चवडे उंचावून बघितलं. लाल दोरा नव्हता. मोहरीएवढी गाठ नव्हती. टेपेच्याच पिवळ्या रंगाचा दोरा, आणि केसासारखे बारीक टाके, एकाला एक लागून, कुठं सुरू झाले आणि कुठं संपले कळू नये असे. आमच्या घरात असा टाका एकाच माणसाला येत होता. ते टाके माझे नव्हते. अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडराकडं टक लावून बघत होते. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, पेनाचं टोपण काढलं आणि पत्र लिहायला घेतलं.

परत येताना जटक्यात मी त्यांच्या मांडीवर नाही, शेजारी बसले. मार्केट आलं.

“कधी कळलं तुम्हाला?” मी विचारलं.

“दुसऱ्याच दिवशी. बोटाला लागलं की.”

“मग मारलं का नाही?”

अण्णा घोड्याच्या कानांकडे बघत म्हणाले, “दर उगादीला रघूचं, अक्काचं लिहिताना हात चालायचा गे. तुझं लिहिताना नाही चालायचा. म्हटलं, एक साल तरी मोठ्यानं वाचू दे मला. तुझा लाल दोरा दिसला असता कुणाला पण. म्हणून उसवून परत घातला.”

मला रडू कोसळलं. त्यांनी टेपेच्या टोकानं माझे डोळे पुसले. मेणकापडानं कुठं पाणी टिपतंय, ते गालभर पसरलं.

“आणि हलवाई?” मी हुंदके देत विचारलं.

“त्याचा कोट मुद्दाम तसा सोडला. बाकी कुणाचं असतं तर मनात वजा केलं असतं,” अण्णा म्हणाले. “त्याचं हसू बघितलंस नव्हे तू?” आणि आम्ही दोघंही इतके हसलो की जटकेवाल्यानं वळून बघितलं. माझी लबाडी कुणाकडून आली हे मला त्या दिवशी कळलं.

पत्राचं उत्तर पावसाळ्यानंतर आलं. औषध त्यांच्याच मुलांना पुरत नाही, दुसऱ्या देशात पाठवता येणार नाही, मनापासून वाईट वाटतं. पुढं खूप वर्षांनी वाचलं की मेलेल्या माणसांपासून काढलेल्या त्या औषधाबरोबर काहींच्या मेंदूत एक जीवघेणा रोग उतरला होता आणि ते बंद करावं लागलं. आता ते प्रयोगशाळेत बनवतात, त्यात मेलेलं कुणी लागत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचा एक मुलगा रोज झोपायच्या आधी पेनासारख्या सुईनं ते टोचून घेतो आणि झपाट्यानं वाढतो आहे. तो मला उंची दाखवायला येतो तेव्हा मी त्याला उगीच रागावते. आणि इंदिरानगरच्या व्यायामशाळेत जाणारा माझा भाचेनातू सांगतो की चांगली वाढलेली माणसंसुद्धा दंड फुगवायला, तरुण दिसायला ते घेतात. मी त्याला म्हटलं, ज्याचा दाब आधीच उसवून झालाय त्यानं काय उसवायचं रे?

मी तेव्हा त्या रोगापासून वाचले की औषधाला मुकले, मला सांगता येत नाही. दोन्ही वाटतं. चार फुटांच्या वर मी फारशी गेले नाही. आयुधपूजेला ठरल्याप्रमाणं रघू मशीनवर बसला. हार झाला, अंगुस्तान झालं, आणि मी मागच्या पडवीत जाऊन तुळईकडं बघत उभी होते, तेव्हा अण्णांनी हाक मारली. दुसऱ्या मशीनच्या पायट्यावर त्यांनी सुताराकडून एक जाड लाकडी ठोकळा बसवून घेतला होता. त्यावर माझे पाय सपाट टेकले. त्याच मशीनवर मी पुढं पन्नास वर्षं लहान मुलांचे कपडे शिवले.

पुढच्या उगादीला अण्णांच्या गळ्यात नवी टेप होती. मी मेजाला पाठ लावून उभी राहिले. पट्टी डोक्यावर आली आणि अण्णा गेल्या सालच्याच आवाजात, दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, “पावणेपंचेचाळीस!” डॉक्टरांच्या मापापेक्षा पाव इंच जास्त. मग ते माझा जुना लंगा घेऊन दारातल्या उजेडात बसले आणि दाब उसवू लागले.

“अण्णा, पाव इंचासाठी?” अक्का म्हणाली.

“वाढलीय की,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी त्याच बारीक टाक्यानं लंगा पाव इंच खाली घेतला. काठाला लागूनच एक रेघ उमटली, इतकी जवळ की काठ कुठला आणि रेघ कुठली हे नीट बघितल्याशिवाय कळू नये. दुसऱ्या दिवशी मी तो लंगा घालून शाळेत गेले आणि पायरीवर उभी राहिले. रेघ बघायला सगळ्या वर्गाला माझ्यापुढं वाकावं लागलं.